बंधाऱ्याचे बरगे आणि मामांच्या मळीवरचा होडीचा धक्का

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉलीची डागडुजी, गुऱ्हाळाच्या काहिलीला पॅच, असं पडेल ते काम करतो. गेल्या वर्षी एक काम असं आलं की त्याचं बिल फाडता येईना, कारण गिऱ्हाईक म्हणजे सख्खे मामा. त्यांना नदीवर होडी लावायला धक्का पाहिजे होता. तोही कायमचा.

मामांचं रान प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला, ऐन नदीकाठच्या मळीत. त्यातला एक तुकडा पलीकडच्या काठाला आहे. पुलावरून वळसा मारून जायचं तर निम्मी सकाळ त्यातच जाते, म्हणून घरात होडी पहिल्यापासून. पूर्वी लाकडी होती, आता मी करून दिलेली पत्र्याची आहे. रोजचं काम एकच, पलीकडून वैरण आणायची. ऊसतोडीच्या दिवसांत वाडं (उसाचे हिरवे शेंडे), एरवी हत्तीगवत. मामी आणि रानातल्या बायका डोक्यावर भारे घेऊन होडीतून उतरतात आणि त्या पोयट्याच्या, म्हणजे नदीच्या मऊ गाळमातीच्या, चढणीवरून वर येतात. पोयटा ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. मामींचं वय आता साठीच्या पुढं. मामा मला काय बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "तुझी मामी त्या दिवशी भाऱ्यासकट बसत खाली आली." मला तेवढं पुरलं.

आता पंचगंगेच्या काठी कायमचं काही उभं करायचं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा सगळ्यांचं पाणी प्रयागाला एकत्र येतं. पावसाळ्यात सगळं शहर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर डोळा ठेवून असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ ला आणि परत २०२१ ला ती पातळी ५५ फुटांच्या वर गेली. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरांसकट सोनतळीला हलली. मामांच्या मळीवर तेव्हा किती पाणी होतं, हे जॅकवेलच्या (काठावरच्या पंपाच्या विहिरीच्या) भिंतीवरच्या गाळाच्या रेघेवरून कळतं. ती रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर आहे. अशा जागी लाकडाचा धक्का बांधतो म्हटल्यावर शेडमधली पोरं हसली, त्यात त्यांची चूक नाही.

उत्तर मला बंधाऱ्यावरच मिळालं, आणि मालही तिथलाच.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण लहानपणापासून बघतो, त्यावरून सायकली घालतो, पण त्याची हुशारी लक्षात घेत नाही. दगडी किंवा काँक्रीटचे खांब नदीत कायम उभे. खांबांच्या पोटाला उभ्या खाचा. पाऊस सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, सोडायचे, पुढं एक ओळ, मागं एक ओळ, मधे माती ठासायची. पाणी अडलं, मागं फुगवटा आला, सगळ्यांचे पंप चालू. पावसाच्या तोंडावर बरगे काढून घ्यायचे आणि नदीला वाट मोकळी करून द्यायची. खांब पुराशी भांडत नाहीत, कारण अडवणारा भाग घरी गेलेला असतो. ही पद्धत पुढं राज्यभर गेली आणि जाताना आपल्या गावाचं नाव घेऊन गेली, ती उगीच नव्हे.

हे बरगे एके काळी लाकडी असायचे. पुढं लोखंडी आले. (लोखंडी बरगे रातोरात गायब झाल्याच्या बातम्या आपल्या पेपरांत नेहमीच्या. लाकडी कुणी चोरल्याचं मी तरी वाचलेलं नाही.) एका भंगारवाल्याच्या आवारात मला अशा जुन्या लाकडी बरग्यांची थप्पी दिसली. लिलावात घेतलेला माल, वीटभट्टीला जायच्या वाटेवर होता. एकेक तुकडा साधारण सात फूट लांब, सव्वा फूट रुंद, तीन इंच जाड. दोन फळ्या शेजारी शेजारी, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, आणि दोन्ही टोकांना उचलायच्या कड्या. कुणीतरी फार वर्षांपूर्वी एका मापाने, एका साच्याने केलेलं काम. मी टेप लावून बघितला, तर जाडीत एक-दोन सुतांच्या वर फरक नाही. जळणाच्या भावात सगळे उचलले.

लाकूड कुठलं, यावर आमचा सुतार आणि मी अजून भांडतो. तो म्हणतो ऐन, मी म्हणतो सागवान. रंधा मारून बघावं तर डांबराचा थर बसलेला. रंध्याचं पातं दोन हात मारल्यावर चिकटून बसतं आणि मशीन लावलं तर धूर निघतो, जो छातीत घेण्यासारखा नाही. म्हणून डांबराची बाजू खरवडायचीच नाही, ती खाली घालायची आणि बरी बाजू वर, असं ठरवलं.

तुकडे निवडायला वेळ द्यावा लागतो, आणि ते काम दुसऱ्यावर सोपवण्यासारखं नाही. हातोडीने ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणक वाजतं, आतून गेलेलं बद्द बोलतं. शंका आली की पेचकस रोवायचा, पाव इंचाच्या पुढं गेला तर तो तुकडा बाजूला. खराबी बहुतेक टोकांना आणि पट्ट्यांच्या खाली सापडली, मधला भाग दगडासारखा. यामागं कारण आहे. लाकूड कायम पाण्यात राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं, कायम कोरडं राहिलं तरी टिकतं. कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि दोन्ही मिळतात ती जागा म्हणजे जिथं ओलं-कोरडं सारखं चालू असतं. नदीकाठी खांब लाकडाचा उभा केला तर तो नेमका पाण्याच्या रेघेपाशी जातो, वर आणि खाली ठणठणीत असून. म्हणून खांब लोखंडाचे आणि लाकूड फक्त वर चालायला, हे पहिल्यापासून पक्कं होतं.

मोडके खिळे शोधायला जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फिरवलं. करवतीचं पातं एका खिळ्यात जातं, त्यामुळं हा उद्योग आळस न करता करावा. मग तुकडे शेडच्या मागं सावलीत रचले, प्रत्येक थरामधे पट्ट्या घालून, म्हणजे वारा खेळतो. पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर फळी मधे झोल घेते. इतकी वर्षं पाणी प्यालेलं लाकूड उन्हात टाकलं तर तडकतं. ते रुंदीला आकसतं, लांबीला जवळपास नाही. याचा विचार मला खाचांच्या मापात करावा लागला. बंधाऱ्यात फळी फुगली तर बरं, फटी बुजतात. धक्क्यात मात्र फुगलेली फळी म्हणजे पावसाच्या तोंडावर हातोडा घेऊन शिव्या घालत बसणं.

आता परवानगीचं. पाटबंधारेच्या शाखेत मामांनी अर्ज दिला. साहेब जागेवर आले, बघून गेले आणि स्पष्ट बोलले की पात्रात काँक्रीट नको, काढता येईल असं काही करत असाल तर बोला. माझ्या मनातलंच बोलले. मामांचा चेहरा मात्र उतरला, कारण त्यांच्या डोळ्यांपुढं घाटासारख्या दगडी पायऱ्या होत्या.

"काढता येतंय ते कायमचं कसं रं?" मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही दर पावसाळ्यात मोटर वर काढताय का न्हाई? मग जॅकवेल कायमची हाय का न्हाई?"

त्यावर त्यांनी तंबाखू मळायला घेतली, म्हणजे विषय मिटला.

रचना अशी. काठ उताराचा, आणि फुगवट्याचं पाणी सुद्धा एका जागी राहत नाही, उपसा वाढला की खाली जातं, वरून पाणी सोडलं की चढतं. म्हणून एक लांब फलाट न करता तीन टप्पे केले, पायऱ्यांसारखे उतरत जाणारे. प्रत्येक टप्प्याला लोखंडी पाइपचे चार पाय. पायांच्या डोक्यावर समोरासमोर दोन चॅनल (इंग्रजी C च्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या) आडवे, चार इंची, तोंडं एकमेकांकडं. बरग्याची टोकं त्या चॅनलच्या पोटात सरकतात. बाजूने एक एक तुकडा आत सारायचा, पुढं ढकलायचा, शेवटी एक पिन घालायची. जुन्या पेठेतल्या दुकानांना दाराऐवजी फळ्या असायच्या, खाचेत एकामागून एक सरकवायच्या, तसंच हे, फक्त आडवं.

माप बघा कसं जुळलं. बरगा तीन इंच जाड, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या आसपास. चॅनल १०० मिलिमीटरचा, वरखालच्या पंखांची (C च्या आडव्या बाजूंची) जाडी वजा केली की आत ८५ राहतात. मधले दहा मिलिमीटर फुगायला मोकळे, आणि खुळखुळू नये म्हणून बाभळीच्या पाचरा. जणू कुणी आधीच ठरवून ठेवल्यासारखं.

चॅनलचा वरचा पंख नुसता शोभेला नाही. एका बरग्याचं वजन वाळल्यावर पन्नास किलोच्या घरात. तो पाण्यात बुडाला तर साठेक किलो पाणी बाजूला सारतो. म्हणजे दहा-बारा किलोच्या जोराने तो वर यायला बघणार. अवकाळी पावसाने अचानक पाणी वाढलं तर नुसत्या वर ठेवलेल्या फळ्या सरळ नरसोबाच्या वाडीचा रस्ता धरतील. वरचा पंख त्यांना दाबून धरतो. दोन तुकड्यांच्या मधे जुन्या टायरच्या पट्ट्या घातल्यात, अर्ध्या इंचाची फट राहते, पाणी खालून वर आलं तर तिथनं निघून जातं.

पाइपचं खालचं टोक चार ठिकाणी कापून, वाकवून, भाल्यासारखं वेल्ड केलं. सगळं वेल्डिंग, सगळी भोकं आधी करून घेतली आणि मगच हॉट डिप गॅल्व्हनाइजला, म्हणजे वितळलेल्या झिंकमधे बुडवून थर चढवायला, पाठवलं. नंतर एक जरी भोक पाडलं तरी गंज तिथनं सुरू होतो. पाइपला हवेचं भोक ठेवायला विसरायचं नाही. झिंकच्या कढईत साडेचारशे डिग्रीच्या आसपास तापमान असतं. बंद पाइपमधे थेंबभर पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन पाइप फुटतो, आणि समोर माणसं उभी असतात. गॅल्व्हनाइजवाला माल घेताना पहिलं तेच तपासतो आणि त्याचं बरोबर आहे.

पाय रोवायचं काम बघण्यासारखं झालं. तिपाई उभी केली, चेन ब्लॉकने लोखंडी ठोकळा वर न्यायचा आणि पाइपवर सोडायचा. पोयट्यात पाइप लोण्यासारखा जातो. आवाज दबका, हादरा नाही. मग एका क्षणी ठोकळा पडतो आणि पाइप घंटेसारखा ठणकतो. खाली मुरूम लागला. तिथनं पुढं प्रत्येक ठोक्याला बोटभर. सगळे पाय मुरमात घट्ट झाल्याशिवाय आम्ही थांबलो नाही. वरच्या टप्प्याचे पाय काठाच्या कडेपासून चांगले आठ फूट आत घेतले, त्यावर मामा नाराज होते, "एवढं रान कशाला खातंय?" पण मळीचा काठ पूर चढताना ढासळत नाही, उतरताना ढासळतो. माती पाणी पिऊन जड झालेली असते, नदीचं पाणी झपाट्याने उतरलं की तिला बाहेरून टेकू राहत नाही, आणि अख्खा काठ सरकतो. काठचं रान ज्याचं आहे त्याला हे ठाऊक असतं. मामांनाही होतं, फक्त आठ फुटांचा ऊस डोळ्यांपुढं दिसत होता.

लाकडाला काय लावायचं, यावर शेडमधे बरीच मतं पडली. जळकं ऑइल सगळ्यांच्या तोंडी, पण ते नदीत उतरतं, आणि मामी त्यावरून अनवाणी चालणार. शेवटी चंदगडकडच्या एका काजू कारखान्यातून टरफलाचं तेल आणलं. कोकणात होड्यांना हेच लावतात. काळपट, दाट, थोडं कोमट केलं की फळीत मुरतं. टोकांना सढळ हाताने पाजायचं, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाच्या नसांतून. एक इशारा. हे तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका. आणि पुरतं वाळल्याशिवाय त्यावर कुणाला चालू देऊ नका.

वरच्या बाजूला रंग काही दिला नाही. करवतीने आडव्या बारीक चिरा पाडल्या, म्हणजे ओल्या पायाला पकड मिळते. चॅनलच्या पंखांच्या कडा ग्राइंडरने गोल केल्या. शेडमधल्या पोराने विचारलं, एवढ्या कडा कशाला घासायच्या, कोण बघतंय. बघायचा प्रश्नच नाही, टाचेला लागतं.

बरग्यांना ज्या उचलायच्या कड्या होत्या, त्यातल्या चार सोडवून घेतल्या. जाड सळीच्या, हाताने घडवलेल्या, एका बाजूला घासून झिजलेल्या. त्या खालच्या टप्प्याच्या बाहेरच्या दोन पायांत ओवल्या. पाइपवर वरखाली सरकतात. होडीची दोरी त्यांना बांधली की पाणी हातभर चढलं-उतरलं तरी दोरी ताणत नाही आणि ढिलीही पडत नाही. पूर्वी मामा रात्री उठून दोरी बघायला जायचे. होडी लागते त्या बाजूला ट्रॅक्टरचे अर्धे टायर बोल्ट केलेत.

मधे मामांनी एक मागणी टाकली होती, की म्हशी पण यावरून उतरल्या पाहिजेत. मी सरळ नाही म्हणालो. पाचशे किलोचं जनावर चार खुरांवर, तेही पाणी दिसल्यावर पळत सुटणारं. म्हशीला नदीत शिरायला धक्का लागत नाही.

पहिला पावसाळा गेला. जूनच्या तोंडाला पिना काढल्या, बरगे सरकवून बाहेर घेतले. वाळलेला तुकडा दोन माणसं नेतात, खालच्या टप्प्याचे ओले तुकडे उचलायला तिसरा लागतो. सगळे वरच्या गोठ्याच्या माळ्यावर. मग राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे मेसेज मोबाइलवर सुरू झाले आणि काठ दिसेनासा झाला. पाणी उतरल्यावर गेलो, तर सगळे पाय जागेवर. खालच्या बाहेरच्या पायांना केंदाळाचा (जलपर्णीचा) हा भला मोठा गठ्ठा अडकलेला, त्यात उसाचा पाला, प्लास्टिक, एक चप्पल. त्यातला एक पाय प्रवाहाच्या दिशेने दोन-तीन इंच कलला होता. पाइपला पाणी फारसं ढकलत नाही, पण केंदाळ अडकलं की तो पाइप न राहता भिंत होतो, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. त्या पायाला आता वायर रोपचा ताण देऊन वरच्या पायाशी बांधलंय. पूर चालू असताना केंदाळ काढायला होडी घेऊन जायची नाही, हे मामांकडून वदवून घेतलंय. त्यांनी मान हलवली, बघू.

दुसरी गोष्ट गाळाची. चॅनलच्या पोटात गाळ भरून बसतो. ओला असताना बादलीभर पाण्याने आणि खुरप्याने निघतो, एकदा वाळला की छिन्नी लागते. म्हणून पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं, दिवाळीची वाट बघायची नाही.

बंधाऱ्याला बरगे पडले, फुगवटा आला, आणि त्याच आठवड्यात आमचेही बरगे खाचांत गेले. मामी आता भारा डोक्यावर ठेवून सरळ वर येतात आणि मधल्या टप्प्यावर थांबून पलीकडच्या काठाच्या बायकांशी बोलतात. त्या टप्प्यावर बसायला एक कठडा पाहिजे, अशी नवी मागणी आली आहे. थप्पीतले चांगले तुकडे अजून थोडे शिल्लक आहेत, त्यांतून होईल. पण मामांना तेच तुकडे गोठ्याच्या गव्हाणीला हवेत. दोघांचंही माझ्याशी फोनवर स्वतंत्र बोलणं चालू आहे आणि मी दोघांनाही हो म्हणून ठेवलंय.